सर्व पोहे जिलेबी आहेत!

'सर्व पोहे जिलेबी आहेत. एकही जिलेबी तिखट नाही. निष्कर्ष: एकही पोहा तिखट नाही.'

जिरावण घालून पोहे खाणाऱ्या आपल्या इंदूरच्या मुलांना हे सहन होणार नाही. पण बँकेच्या परीक्षेत हा निष्कर्ष बरोबर आहे. सिलॉजिझमच्या प्रश्नात दिलेली विधानं खरी मानायची आणि आपलं जगाचं ज्ञान बाहेर ठेवायचं, हा पहिला नियम.

दुसरा नियम मी माझ्या कामातून उचलला आहे. कोड तपासताना आम्ही 'हा चालतो का?' एवढ्यावर थांबत नाही, 'हा कुठे मोडतो?' तेही शोधतो. इथेही तसंच करा. विधानांना धरून वर्तुळं काढा आणि निष्कर्ष खोटा ठरेल असं एक तरी चित्र जमतंय का ते पाहा. जमलं तर निष्कर्ष बाद. अशा वर्तुळांना सहसा जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात.

करून बघू. 'काही इंजिनिअर मराठी आहेत. काही मराठी गायक आहेत.' मग काही इंजिनिअर गायक आहेत का? प्रत्यक्षात असतीलही. पण इंजिनिअर आणि गायक ही दोन वर्तुळं मराठीच्या दोन टोकांना, एकमेकांना न शिवता काढता येतात. निष्कर्ष मोडला. 'एकही इंजिनिअर गायक नाही' हाही मोडतो, कारण ती वर्तुळं एकमेकांत शिरलेलीही काढता येतात. मात्र हे दोन्ही निष्कर्ष एकत्र दिले असतील तर 'दोहोंपैकी एक' हे उत्तर बरोबर, कारण तिसरी शक्यताच नाही. आणि 'काही इंजिनिअर गायक असण्याची शक्यता आहे' हेही बरोबर, कारण तिथे एक चित्र जमलं तरी पुरतं.

तिसरी गोष्ट, विधान उलटं फिरवू नका. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण. पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. त्यासाठी त्याच शास्त्रात लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला दिला आहे: अग्नी आहे, धूर नाही.

शेवटचा धोका आपल्या बोलीचा. 'काही लाडू संपले' म्हटलं की घरात सगळे समजतात, थोडे उरलेत. परीक्षेतल्या 'काही'चा अर्थ मात्र 'निदान एक', कदाचित सगळेसुद्धा. 'फक्त काही' असेल तरच काही आहेत आणि काही नाहीत. 'सगळी मुलं आली नाहीत' या वाक्याचे तर दोन अर्थ होतात: एकही आलं नाही, किंवा काही आली नाहीत. वाचताना यातला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते आधी ठरवा.

बँकांच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून अंदाजाने ठोकू नका. रोज पाच प्रश्न, तेही वर्तुळं काढूनच सोडवा. पंधरा दिवसांत हात बसतो.

परीक्षा झाल्यावरही ही सवय सोडू नका. दोन माणसांचा अनुभव सांगून 'ते लोक सगळे तसेच' म्हणणारा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला, की पुढे ढकलण्याआधी एक वर्तुळ काढून बघा. तिथे पाव गुण कापला जात नाही, पण कोणाचं तरी नाव विनाकारण खराब होतं.