घरचा हिशेब : थांब, स्वस्त होईल!



२०२५च्या दिवाळीनंतर स्लाऊहून एका भगिनींचं पत्र आलं. पत्र कसलं, तक्रारच होती ती, पण स्वतःविरुद्ध. मुलगा अकरा वर्षांचा. त्याला प्लेस्टेशन ५ हवं आहे. आजी-आजोबांनी वाढदिवसाला दिलेले, भाऊबीजेला आलेल्या मामाने हातावर ठेवलेले, असे सगळे पैसे तो बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात साठवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा मागणी केली तेव्हा ताईंनी सांगितलं, "थांब जरा, या वस्तू पुढे स्वस्त होतात." पोरगं गुणी, थांबलं. तेव्हा डिस्क न लागणारं, म्हणजे डिजिटल मॉडेल ३८९.९९ पौंडांना होतं. १४ एप्रिल २०२५ला ते ४२९.९९ झालं. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, तू तर म्हणाली होतीस..." आणि डबा कपाटात ठेवून आला. ताई लिहितात, ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता त्यांचे दीर नाताळात न्यू जर्सीहून येणार आहेत. "वहिनी, मी घेऊन येतो, आमच्याकडे स्वस्त असतं," असं त्यांनी फोनवर सांगितलंय. आणायला सांगावं का, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही मुलाला खोटं सांगितलं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं हेच खरं होतं, आणि तुमच्या-आमच्यासारख्या 'सेल लागू दे' म्हणणाऱ्या घरांना ते फार सोयीचंही होतं.

पहिलं प्लेस्टेशन इथे २९ सप्टेंबर १९९५ला आलं ते २९९ पौंडांना. पुढच्या वर्षी ते १९९ झालं आणि १९९७ मध्ये १२९. जो दीड-दोन वर्षं थांबला त्याचे १७० पौंड वाचले, म्हणजे त्या काळच्या चार-पाच खेळांचे पैसे. निन्टेन्डो ६४ची गोष्ट याहून गमतीची. ते १ मार्च १९९७ला इथे आलं, किंमत २४९.९९. त्या वर्षी पाडवा ८ एप्रिलला होता. मुहूर्त साधून पाडव्याला ज्यांनी ते घरी आणलं असेल, त्यांनी मे महिन्यात दुकानाच्या काचेवर काय वाचलं? १४९.९९! सरळ शंभर पौंड खाली, कारण शेजारच्या फळीवर प्लेस्टेशन १२९ला बसलं होतं. मुहूर्त पाहावा, पण थोडा वेळ शेजारची फळीही पाहावी.

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सने तर कमालच केली. १४ मार्च २००२ला २९९ पौंडांना आला. तेव्हा प्लेस्टेशन २ इथे १९९ला मिळत होतं. लोकांनी पाठ फिरवली आणि २६ एप्रिलला, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत, एक्सबॉक्सही १९९ला आला. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला कंपनीने दोन खेळ आणि एक जादा कंट्रोलर फुकट देऊ केला.

या कपातींमागे कंपन्यांचं औदार्य नव्हतं. कन्सोल विकून फारसं सुटत नाही, कधी कधी पदरचंच घालावं लागतं. पैसा मिळतो तो खेळांवर. त्यामुळे यंत्र जितक्या घरांत जाईल तितकं बरं. शिवाय आतली चिप दर काही वर्षांनी लहान करता यायची, एका चकतीतून जास्त चिपा निघायच्या, वीज कमी लागायची, पंखा आणि डबाही लहान व्हायचा. खर्च खरोखरच उतरायचा, त्यातला थोडा आपल्यापर्यंत यायचा. कधी कधी काहीतरी काढूनही घ्यायचे. प्लेस्टेशन ३ मार्च २००७ मध्ये ४२५ पौंडांना आलं आणि त्याच ऑक्टोबरात २९९चं मॉडेल निघालं, पण या स्वस्त मॉडेलवर प्लेस्टेशन २चे जुने खेळ चालायचे नाहीत.

आता दीरांच्या मुद्द्याकडे वळू. "तिकडे स्वस्त" हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वर्षांपासून ऐकू येतं की त्याचा हिशेब कोणी मांडतच नाही. मांडू या.

१९९५ मध्ये प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरला होतं आणि इथे २९९ पौंडांना. डॉलरचं चिन्ह पुसून पौंडाचं लावलं की झालं, असा तो कारभार. पण दोन किमती तशाच शेजारी ठेवून चालत नाही. आपल्या किमतीत व्हॅट आधीच धरलेला असतो. अमेरिकेतल्या पाटीवर सेल्स टॅक्स नसतो, तो गल्ल्यावर लागतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. तेव्हा इथे व्हॅट साडेसतरा टक्के होता. २९९ मधून तो काढला की उरले सुमारे २५४ पौंड. तेव्हाच्या साधारण १.५५च्या दराने त्याचे ३९४ डॉलर होतात. म्हणजे कर बाजूला ठेवूनही इथला माणूस ९५ डॉलर जास्त मोजत होता. प्लेस्टेशन ३चं तेच. ४२५ पौंडांतला व्हॅट काढला की ३६१.७० राहतात. पौंड तेव्हा जवळजवळ दोन डॉलरचा होता, म्हणजे झाले सातशेच्या वर डॉलर. अमेरिकेत तेच मॉडेल ५९९ला होतं. त्या काळात ज्यांनी भावाला, मेहुण्याला आणायला सांगितलं, त्यांचं गणित कागदावर तरी बरोबर होतं.

कागदावर म्हणतो, कारण पुढचं मी स्वतः भोगलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या भावाने शिकागोहून मुलांसाठी असंच एक यंत्र आणलं. कोणत्या कंपनीचं ते सोडा, चूक माझी होती. उत्साहाच्या भरात त्याचा अ‍ॅडॉप्टर आपल्या भिंतीत खोचला. तो ११० व्होल्टचा, आपला पुरवठा त्याच्या दुपटीचा. 'फट्' असा आवाज, जळका वास आणि दोन रडणारी मुलं. टॉटनहॅम कोर्ट रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला, भावाने नवा अ‍ॅडॉप्टर पोस्टाने पाठवला. मग टीव्हीवर चित्र दिसलं ते कृष्णधवल आणि खालून वर सरकणारं, कारण अमेरिकेची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल. शेवटी आणखी पैसे घालून दोन्ही पद्धती चालणारा टीव्ही घेतला. वाचलेले पन्नास पौंड मला कितीला पडले हे घरात अजून सांगितलेलं नाही.

आजची बहुतेक यंत्रं सगळीकडच्या विजेवर चालतात आणि टीव्हीचा तो घोळही संपला. पण पूर्वी बाहेरून यंत्र आणण्यात हे सगळं होतं, आणि कंपन्यांनाही ते आणलेलं नको असायचं. हाँगकाँगचं लिक-सांग नावाचं दुकान पोस्टाने युरोपात माल पाठवत असे. सोनीने लंडनच्या हायकोर्टात दावा जिंकला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ते दुकान बंद झालं.

आणि हो, दरवेळी आपणच लुटले जात होतो असंही नाही. युरोपियन कमिशनने ३० ऑक्टोबर २००२ला निन्टेन्डो आणि तिच्या वितरकांना मिळून सुमारे १६ कोटी ८० लाख युरो दंड केला. गुन्हा काय, तर १९९१ ते १९९८ या काळात स्वस्त देशातला माल महाग देशात जाऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. त्यातला स्वस्त देश होता आपला ब्रिटन! जर्मनी आणि हॉलंडच्या तुलनेत इथे काही वस्तू ६५ टक्क्यांपर्यंत स्वस्त होत्या. म्हणजे इथे आपण अमेरिकेच्या नावाने बोटं मोडत होतो, तेव्हा फ्रँकफर्टची मंडळी आपल्याकडे पाहून बोटं मोडत असतील. (निन्टेन्डोचा स्वतःचा दंड पुढे २००९ मध्ये अपिलात ११.९२ कोटींवर आला.)

भारताचा हिशेब आणखी वेगळा. प्लेस्टेशन ५ इथे १९ नोव्हेंबर २०२०ला आलं, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला, किंमत ४९,९९० रुपये. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तिथे पाचशे पौंड आणि इथे ४४९.९९. पुण्याचे भाचे "मामा, येताना आणा ना" म्हणाले त्यात नवल नाही. पण पूर्वी भेटीला आलेल्या पाहुण्यांना परत जाताना हीथ्रोवर व्हॅट परत मिळत असे, ती सोय १ जानेवारी २०२१पासून बंद झाली. फायद्याचा मोठा भाग तिथेच गेला.

आता बघा. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५च्या ४४९.९९ मधून २० टक्के व्हॅट काढला तर ३७५ पौंड उरतात. त्या वेळच्या दराने झाले साधारण ४९५ डॉलर. अमेरिकेतली किंमत ४९९.९९. फरक मिटला! जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २चंही तसंच. इथे ३९५.९९ पौंड, व्हॅटशिवाय ३३० आणि डॉलरमध्ये सुमारे ४४५. तिथे ४४९.९९. उरतो तो आपला व्हॅट, बाकी काही नाही. अपवाद नाहीत असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आलं तेव्हा ते तिथे ६९९.९९ डॉलरला होतं आणि इथे ६९९.९९ पौंडांना. जुनी खोड जात नाही.

खरोखर मोठा फरक उरला आहे तो जपानशी, आणि तो भाषेने कुलूपबंद केला आहे. स्विच २ तिथे ४९,९८० येनला आलं, म्हणजे तेव्हाचे सुमारे २५६ पौंड. पण ते फक्त जपानी भाषेत चालतं आणि त्याला जपानचंच खातं लागतं. सगळ्या भाषांचं हवं असेल तर ६९,९८० येन. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच केलं : फक्त जपानीतलं डिजिटल प्लेस्टेशन ५, ५५,००० येनला. येन घसरल्यामुळे बाहेरून येणारे लोक पिशव्या भरून माल नेऊ लागले तर घरच्या मुलांना काही उरणार नाही, यावरचा हा उपाय. तेव्हा टोकियोला फिरायला निघालेल्या मंडळींनी डबा नीट वाचून घ्यावा. घरात कोणाला जपानी येत असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र ताईंना जे नडलं ते दुसरंच. किमती खाली यायच्या थांबल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने इथलं डिस्कवालं यंत्र ४४९.९९ वरून ४७९.९९ला नेलं, कारण सांगितलं महागाई आणि चलनांचे दर. अमेरिकेत तेव्हा वाढ झाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेही ५० डॉलर वाढले आणि डिजिटल मॉडेल ४९९.९९ला गेलं. पाच वर्षांचं यंत्र पहिल्या दिवसापेक्षा महाग, हे आपल्या पिढीने पाहिलं नव्हतं. चिपा लहान होतात अजून, पण लहान करणं आता इतकं खर्चाचं झालंय की त्यातून पूर्वीसारखी स्वस्ताई निघत नाही. 'थांब, स्वस्त होईल' या वाक्याच्या खालचा पायाच सरकला आहे.

तर दीरांनी आणावं का? २०२५च्या किमतींनी ४९९.९९ डॉलर, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, झाले ५३३. पौंड १.३२ डॉलरचा धरला तर सुमारे ४०४ पौंड. इथे २०२५ मध्ये ४२९.९९ होते. वाचले २६. आता कस्टम्स. परदेशातून येताना सोबत आणलेल्या अशा मालाला ३९० पौंडांपर्यंतच मोकळीक आहे, भेटवस्तू असली तरी. सेल्स टॅक्स धरला तर आपण ती ओलांडतो, आणि ओलांडली की वरच्या चौदा पौंडांवर नव्हे, पूर्ण किमतीवर कर बसतो. मग ऐंशी पौंडांचा फटका. आणि यंत्र बिघडलं तर? इथल्या दुकानातून घेतलं तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स कायद्याने तुम्ही त्या दुकानाशी भांडू शकता. एडिसनच्या दुकानाशी स्लाऊहून कोण भांडणार? भावोजींना म्हणावं, येताना पीकन आणा, यंत्र राहू द्या.

माझं मत असं. घ्यायचं असेल तर नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेच्या आठवड्यात घ्या. त्या काही दिवसांत सूट लागते, नंतर किंमत परत जागेवर जाते. दोन आठवडे थांबणं ठीक, दोन वर्षं नाही. आणि ताई, डिजिटलच हवं का, हेही मुलाशी बोला. २०२० मध्ये दोन्हींत नव्वद पौंडांचा फरक होता. डिस्कवालं घेतलं तर खेळ जुना विकत घेता येतो, खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो. डिजिटल खेळ ज्याच्या खात्यावर घेतला त्याच्याकडेच राहतो. नवा खेळ साठ-सत्तर पौंडांना पडतो, तेव्हा चार-पाच डिस्कांची देवाणघेवाण झाली की वरचा खर्च भरून निघतो. मंडळाच्या गणपतीत मागच्या खुर्च्यांवर मुलांचा हा व्यवहार चालतो तो मी पाहिला आहे. आरतीच्या वेळीसुद्धा, पण ते जाऊ द्या.

राहिला डबा. ताईंनी लिहिलंय की त्यात २६० पौंड आहेत. एप्रिलमध्ये वाढलेले चाळीस पौंड तुम्ही घालणार आहात हे मुलाला आत्ताच सांगून टाका, नाताळपर्यंत थांबू नका.