आधी जमीन, मग घर

नवी मुंबईत फ्लॅट बघायला निघालेली माणसं बरंच काही विचारतात. स्टेशन किती मिनिटांवर, पार्किंग आहे का, खिडकीतून डोंगर दिसतो की खाडी. नेरुळला इतकी वर्षं राहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: ही इमारत कोणाच्या जमिनीवर उभी आहे आणि ती बांधायला परवानगी कोणी दिली?

हा प्रश्न इथे एवढा महत्त्वाचा का, याचं उत्तर शहराच्या जन्मात आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. त्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यामुळे इथे एकाच सेक्टरात चार तऱ्हेची घरं दिसतात. काही सिडकोने स्वतः बांधून सोडतीत दिलेली. काही सिडकोचा भूखंड निविदेत घेऊन बिल्डरने बांधलेली. काही साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची. आणि गावठाणाच्या कडेला कोणाचीही परवानगी न घेता मजल्यावर मजले चढवलेली. बाहेरचा रंग आणि आतली व्हिट्रिफाइड फरशी सगळीकडे सारखीच असते. फरक फक्त कागदात असतो.

सिडकोची जमीन बहुतेक ठिकाणी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे. म्हणून जुना फ्लॅट घेताना पट्टा कोणत्या वर्षी सुरू झाला, तो सोसायटीच्या नावावर झाला का, आणि हस्तांतरणासाठी सिडकोला किती शुल्क भरावं लागेल, हे टोकन द्यायच्या आधी विचारावं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार मागावा. मूळ कुटुंबातल्या वारसांचा वाद चालू आहे का, हे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावं. बिल्डरने सुचवलेला वकील या कामाला नको.

आणि परवानगी नसलेली घरं? याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. जमीन एमआयडीसीची आणि सिडकोची. आत राहणारी माणसं मात्र तुमच्याआमच्यासारखी, आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली. घराला विजेचं मीटर होतं, नळ होता. हे सगळं असल्यावर घर खरं आहे असंच कोणालाही वाटेल. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत कायदेशीर ठरत नाही. मालमत्ता कराची पावती असल्यानेही ठरत नाही, आणि वीजबिलाने तर नाहीच. इमारत कायदेशीर आहे हे दोनच कागद सांगतात: बांधकाम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे सीसी, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. दोन्हींवर नवी मुंबई महापालिका, पनवेल महापालिका किंवा सिडको यांपैकी त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाची सही हवी. सीसीवर जितके मजले मंजूर, तितकेच ओसीत आहेत का, आणि तितकेच प्रत्यक्षात उभे आहेत का, हे स्वतः मोजावं.

पैशांपेक्षा मोठी भीती जिवाची आहे. २७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरजवळच्या शहाबाज गावात एक इमारत कोसळली आणि तीन जण दगावले. इमारत पडझडीला आलेली जुनी नव्हती, जेमतेम दशकभराची होती. स्वस्त घर घेणाऱ्या माणसाला मी कधीच दोष देणार नाही. ऐरोलीत किंवा वाशीत कायदेशीर वन बीएचके ज्याला परवडत नाही, त्याला मुलांच्या शाळेजवळ आणि कामाच्या जागेजवळ कुठेतरी राहायचंच असतं. पण ओसी नसलेलं घर विकत घेण्यापेक्षा त्याच भागात भाड्याने राहून सिडकोच्या सोडतीत अर्ज भरत राहणं बरं, असं मी माझ्या घरकामाच्या ताईंनाही सांगते आणि भाचीलाही.

नव्या प्रकल्पासाठी महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण आहे. मे २०१७ पासून त्याचं काम चालू आहे आणि जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो कोड मोबाइलने स्कॅन करा. मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, प्रकल्पावरचे खटले आणि कर्ज सगळं तिथे दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. भाव कार्पेट क्षेत्रावरच बोला.

जुन्या घराचा हिशेब वेगळा. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या कितीतरी इमारतींनी तिशी ओलांडली आहे. इतक्या जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं, तेव्हा तो अहवाल मागायला संकोच नको. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक असेल, आणि इथे असे मालक पुष्कळ आहेत, तर कापायचा कर बराच जास्त असतो. त्यासाठी आधी सीएला गाठावं. सोसायटी हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून २५,००० रुपयांहून जास्त मागू शकत नाही. ‘देणगी’ या नावाने तर नाहीच नाही.

पाण्याची गोष्ट ब्रोशरमध्ये कधीच नसते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. त्यापलीकडे खारघर, कामोठे, उलव्याला पाणी वेगळ्या यंत्रणेतून येतं आणि तिथल्या तक्रारी दर उन्हाळ्यात कानावर येतात. यावर माझा एक उपाय आहे. सोसायटीचा गेल्या वर्षाचा जमाखर्च मागायचा आणि त्यात टँकरचा खर्च शोधायचा. एप्रिल-मे मध्ये टँकरवर किती गेले हे कळलं की सेक्रेटरीने काय सांगितलं याला फारसा अर्थ उरत नाही. पनवेल महापालिकेच्या हद्दीत मालमत्ता कराची जुनी थकबाकी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. सिडकोचं सेवाशुल्क भरलं असताना पालिकेनेही मागच्या वर्षांचा कर लावला म्हणून तिथले रहिवासी न्यायालयापर्यंत गेले आहेत.

घर रविवारी सकाळी अकराला बघू नका, किंवा तेव्हा बघितलंत तर पुन्हा जा. एकदा रात्री अकरानंतर जा. खारघरच्या तळोजाकडच्या बाजूला रासायनिक वास येतो की नाही हे दिवसा कळत नाही. तळोज्याच्या कासाडी नदीच्या काठी २०१७ मध्ये कुत्र्यांची लव निळी झाली होती, इतकं तिथलं पाणी रंगाने भरलेलं होतं. एकदा मुसळधार पावसात, भरतीच्या वेळी जा. या शहराचा बराच भाग भरती रेषेखालच्या जमिनीवर भराव घालून वसवला आहे, आणि पावसाचं पाणी धारण तलावांमध्ये साठवून ओहोटीला खाडीत सोडावं अशी रचना आहे. तलाव गाळाने भरले की पाणी कळंबोलीसारख्या सखल भागात रस्त्यावरच थांबतं. पार्किंगच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या पाण्याची रेघ दिसते का बघा. उलव्यात किंवा पनवेलच्या बाजूला घर बघत असाल तर गच्चीत तासभर थांबा. डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली आहेत, तेव्हा आवाज कसा येतो ते आता ऐकून ठरवता येतं.

चावी हातात आली की इंटिरिअरची घाई सुरू होते. इथे मात्र मी अगदी कडक आहे. जून २०२२ मध्ये नेरुळच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना हॉलचा स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब सोबत घेऊन थेट तळाशी आला. खालच्या घरांतल्या माणसांचा या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून जुन्या फरशीवर नवी फरशी चढवू नका. ब्रेकर मशीन लावून स्लॅब हादरवू नका. बीम आणि कॉलमला हात लावू नका, आणि कंत्राटदार कितीही आत्मविश्वासाने ‘काही होत नाही, मॅडम’ म्हणाला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी या दोन्हींशिवाय एकही भिंत पाडू नका. मलब्याच्या गोण्या बाल्कनीत रचून ठेवू देऊ नका.

नव्या इमारतीत पहिला पावसाळा जाऊ द्या, मगच पीओपी आणि वॉलपेपर करा. बाथरूमच्या खालच्या छताला, खिडकीच्या चौकटीभोवती आणि गच्चीलगतच्या खोलीत ओल येते का ते जुलैत दिसेल. दिसली तर फोटो काढा, तारीख घाला आणि बिल्डरला लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हीने. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. नाही दिलं तर हीच कागदपत्रं महारेराकडे लागतात.