जागा राखीव, पण वाट कुठे?

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. या हुकुमाचे स्मरण कोल्हापुरात अभिमानाने केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले होते आणि पुढे त्यांच्याच आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे या नगरीत उभी राहिली, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. वसतिगृह आधी, राखीव जागा नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. जो मुलगा खेड्यातून येऊन शहरात राहूच शकत नाही, त्याच्यासाठी कचेरीतील खुर्ची राखून ठेवणे निरर्थक होय. खुर्चीपर्यंत पोहोचण्याची वाट बांधणे हाही हक्काचाच भाग आहे, हे त्या राजाने ओळखले होते.

अपंगांच्या हक्कांचा गेल्या अर्धशतकातील इतिहास पाहिला, तर नेमका हाच क्रम उलटा झाल्याचे दिसते. १९७७ साली केंद्र सरकारने आपल्या खालच्या दोन श्रेणींतील नोकऱ्यांत अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग उमेदवारांसाठी ३ टक्के जागा राखल्या. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले. १९९५ साली संसदेने या विषयावरील पहिला व्यापक कायदा केला आणि २०१६ साली त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ वरून ४ टक्क्यांवर गेल्या आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा ठेवण्याचे बंधन आले. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. तात्पर्य, कायद्याची उणीव आता सांगता येणार नाही.

मग उणीव कशाची आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्याच जनगणनेनुसार देशातील अपंगांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होते आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३६ टक्के होते. हे आकडे जुने आहेत, पण त्यांतून दिसणारी गोष्ट जुनी झालेली नाही. राखीव जागेपर्यंत येण्यासाठी जी शाळा, जो प्रवास आणि जी परीक्षा पार करावी लागते, तेथेच बहुसंख्य अपंग गळून पडतात. एसटीच्या भाड्यात अपंग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे. परंतु गाडीची पहिली पायरीच ज्याला चढता येत नाही, त्याच्या दृष्टीने ही सवलत कागदावरच राहते. महाविद्यालयात प्रवेश राखीव असतो आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. नेमणूकपत्र हाती पडते आणि कचेरीत वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते.

वस्तुतः २०१६ च्या कायद्याचा प्राण टक्केवारीत नसून 'वाजवी सोय' या कल्पनेत आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने शिकता वा काम करता यावे म्हणून आवश्यक आणि न झेपणारा बोजा न टाकणारा जो फेरबदल करावा लागतो, ती वाजवी सोय. आणि ती नाकारणे म्हणजेच भेदभाव, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. अंध विद्यार्थ्याला लेखनिक देणे, तासाला २० मिनिटांप्रमाणे जादा वेळ देणे, त्याच्या वाचनाचे साहित्य त्याला वाचता येईल अशा रूपात पुरविणे, ही परीक्षकाची मेहेरबानी नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाताच्या विकाराने लिहिणे अशक्य झालेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका वाचादोष असलेल्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. अपंगत्वाचा आकडा पाहून दार बंद करू नका, हा विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे तपासा, असे न्यायालयाने बजावले. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकता कामा नये, त्याच वेतनश्रेणीत त्याला झेपेल असे दुसरे काम द्यावे, अशीही तरतूद या कायद्यात आहे. आज धडधाकट असलेल्या प्रत्येक कारकुनाने आणि शिक्षकाने ती माहीत करून घ्यावी.

ही वाट बांधता येते याचा पुरावा शोधण्यास कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. सोळाव्या वर्षी कमरेखालील संवेदना गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड' ही संस्था सहकाऱ्यांसह उभी केली. उचगाव येथील 'घरौंदा' वसतिगृह आणि अपंग व अव्यंग मुलांना एकत्र शिकविणारी शाळा ही त्या कार्याची फळे होत. या कार्यातही वसतिगृहाला मध्यवर्ती स्थान मिळाले, हा योगायोग नव्हे. १९०१ सालचे सूत्रच येथे वेगळ्या वंचितांसाठी पुन्हा वापरले गेले. परंतु एका जिद्दी स्त्रीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी देणग्या गोळा करून जे केले, ते करण्याचे कर्तव्य कायद्याने सरकारवर आहे, याचा विसर पडू देता कामा नये. स्वयंसेवी संस्थेचे कौतुक हे सरकारी उदासीनतेचे पांघरूण होऊ नये.

या सोयींना पैसा कोठून आणावा, हा आक्षेप नेहमीच पुढे येतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो टिकणारा नाही. उतरण न बांधल्याने खर्च वाचत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. मुलाला पाठीवर घेऊन वर्गापर्यंत नेणारी आई, त्यासाठी रोजगार बुडविणारा बाप, रोज रिक्षाचे भाडे भरणारा कारकून, हे सगळे तोच खर्च भरीत असतात. फक्त त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. शिवाय शिकू न शकलेल्या माणसाचे श्रम समाजाला कायमचे मुकतात, तो तोटा वेगळाच. उलट, इमारत बांधतानाच उतरण आणि रुंद दार ठेवले, तर त्याचा भार एकूण खर्चात फारसा जाणवत नाही.

दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. २०२४ साली संघ लोकसेवा आयोगाने एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली, त्या प्रकरणानंतर प्रमाणपत्रांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अपंगत्वाचा खोटा दावा करून सवलत लाटणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे. तशी तरतूदही कायद्यात आहे. पण लबाडाच्या अपराधासाठी खऱ्या अपंगाने रुग्णालयाच्या रांगेत वारंवार उभे राहावे, हा न्याय नव्हे. राखीव जागेवरील लबाडीची जेवढी चौकशी होते, तेवढीच चौकशी न बांधलेल्या उतरणींचीही झाली पाहिजे.

कायद्याप्रमाणे अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून ५ वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये झाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, हे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा, असे केंद्राला सांगावे लागले. यावरून मुदतीचे काय झाले, हे कळून यावे.

तेव्हा मागणी नव्या कायद्याची नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आणि कचेरीने वाजवी सोयींसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम दाखवावी. कायद्याने सरकारी आस्थापनांना बंधनकारक केलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दर्शनी भागात, चाकाच्या खुर्चीवरूनही वाचता येईल अशा उंचीवर लावावे. वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी तर पैसाही लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्याची इच्छा पुरते. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला, यात ज्यांना समाधान वाटते त्यांना ते लाभो. नावाने पायरीची उंची कमी होत नाही. ज्या नगरीने वसतिगृह आधी आणि हुकूम नंतर हा धडा साऱ्या देशाला दिला, तिने तरी पायऱ्यांच्या माथ्यावर राखीव खुर्ची ठेवून स्वस्थ बसू नये.