ह्या आसरांनी कुणाला आसरा दिला?

दोस्तहो, एका परीबद्दल बोलायचंय. इंग्रजी शाळेच्या पुस्तकातली पंखवाली परी राहू द्या, आपल्या वऱ्हाडातली घ्या. बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांचा संगम आहे. पूर आला की किल्ल्याला पाण्याचा वेढा पडतो. असल्या नद्यांच्या डोहात, पडक्या विहिरीत म्हणे साती आसरा राहतात. काठावर सात दगड, दगडांना शेंदूर. संस्कृतातली अप्सरा खेड्यात आली अन् आसरा झाली. तिकडं इंद्रापुढं नाचायची, इकडं माणसं ओढते.

पोट्टं बुडालं, आसरानं ओढलं. बाळंतीण तापली, आसरा लागली. सुनेनं विहीर जवळ केली, आसरानं बोलावलं. झालं, पंचनामा खतम! विहिरीला कठडा का नाही, दवाखाना किती कोसांवर, सुनेला रात्री मारत कोण होतं, हे कोनी काहून इचारत नाही? गुन्हेगार पाण्याखाली बसलाय. त्याला समन्स कोण बजावणार?

आता नियम ऐका. भर दुपारी पाण्यावर जाऊ नये, आसरा धरते. आणि दुपारी पाण्यावर असायचं कोण? सकाळी सगळा गाव भरून घ्यायचा. आमच्या आया-आज्या रिकामी घागर घेऊन लांब उभ्या, कुणाला दया आली तर वरून ओतेल म्हणून. ऊन डोक्यावर यायचं. विटाळाच्या नावानं दुपारपर्यंत ताटकळवायचं, वर दुपारी आलात म्हणून धरलं असं सांगायचं. वा रे न्याय! पाण्यात राहणाऱ्या आसरांना कुणी जात विचारली नाही. आम्हाला चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतर आमची डोकी फुटली ती आसरांनी फोडली नव्हती. तळं 'शुद्ध' करून घेणारे हातही काठावरचेच होते.

शेंदराचंही ऐकून ठेवा. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहून गेली, की आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत. शेंदूर फासला की दगडाचा देव होतो. तोच पाजला की माणसाची माती.

आणि आपल्यातले काही! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा झाल्या. तरी भिंतीवर बाबासाहेब, अन् पोरगं तापलं की हिरव्या बांगड्या, ओटी घेऊन नदीवर. सकाळी फोटोला हार, संध्याकाळी भगताला दक्षिणा. ही सरळ बेइमानी आहे. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली आला, तोही डॉ. दाभोलकरांचा भर पुण्यात खून पडल्यावर. कायदा भगताला धरील. आपल्या घरातली ओटी आपणच थांबवायची.

तेव्हा पोट्टेहो, पुढच्या वेळी कुणी बुडालं तर भगताचं दार सोडा, तहसील कचेरी गाठा. कठडा मागा. नळ मागा. डॉक्टर मागा. सुनेच्या सासरी जाऊन जाब विचारा. डोहात परीबिरी कुणी नाही. तिथं पाणी आहे, आणि ते आपलं आहे.