चुन्याची निवळी

गेल्या रविवारी पेठा करायला घेतला आणि कोहळ्याच्या फोडींचा पाकात लगदा झाला. मावशीला फोन केला, तर तिचा पहिलाच प्रश्न : "अगं, चुन्याच्या निवळीत ठेवल्या होत्यास का?" नव्हत्या. वनस्पतींच्या शेजारशेजारच्या पेशी पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पेरूची जेली धरते तीही त्याच्याच जोरावर. निवळीतलं कॅल्शियम पेक्टिनच्या धाग्यांना एकमेकांत अडकवतं, म्हणून फोड उकळीतही टणक राहते.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघितलेला असतो : विटा आणि मधे चुना. माझी तक्रार अशी, की तेच चित्र आपण पुढे स्वतःच्या कातडीलाही लावतो. तिथे ना विटेसारखी भिंत, ना पेक्टिन. तिथे पेशी हात धरून उभ्या असतात. या हातांचं नाव कॅडहेरिन. हे प्रथिन पेशीतून बाहेर येऊन शेजारणीच्या तशाच प्रथिनाला धरतं; त्याचं आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला जखडलेलं.

त्याचा सुगावा लागला तो एका प्रयोगाने दगा दिला म्हणून. सत्तरच्या दशकात जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने सुट्या केलेल्या पेशी क्योटोत पुन्हा एकमेकींना चिकटत; इथे चिकटेचनात. शोधता शोधता कळलं, की इथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेलं होतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवत होतं. कॅल्शियम असेल तर हे प्रथिन ताठ राहतं, ट्रिप्सिनला दाद देत नाही. ते काढून घेतलं की लुळं पडतं आणि ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडतं. पुन्हा चुनाच! (पण म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन पेशी अधिक घट्ट होतील असं कोणी समजू नये, रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच काटेकोर राखतं.)

पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजारात कॅल्शियम जागच्या जागी असतं, पण हातच निकामी होतात. प्रतिकारशक्ती डेस्मोग्लेन ३ या कॅडहेरिनच्या भाऊबंदावर उलटते. बहुधा आधी तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही. मग अंगावर पाण्याचे फोड येतात. त्वचारोगतज्ज्ञ फोडाशेजारची धडधाकट दिसणारी कातडी अंगठ्याने हलकेच घासून बघतात, तर वरचा पापुद्रा सरकतो, उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसा.