निवाऱ्याचे भाडे उपचारखर्चातच धरावे

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा उगम एका कुटुंबाच्या शोकात आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांनीही इहलोक सोडला, आणि दोराबजींच्या नावच्या विश्वस्तनिधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय लोकांसाठी खुले केले. पुढे १९५७ साली ते केंद्र सरकारच्या स्वाधीन झाले व १९६२ साली अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत गेले. तथापि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे येणाऱ्या निर्धन रुग्णाला देणगीदाराच्या द्रव्याची आणि स्वयंसेवकाच्या वेळाची जी निकड तेव्हा होती, ती आजही तितकीच तीव्र आहे.

कर्करोग्यांसाठी निधी जमविणाऱ्या संस्थांकडे जो सज्जन धनादेश घेऊन जातो, तो बहुधा एक अट घालतो: माझा पैसा औषधांवरच खर्च व्हावा. या अटीमागचा हेतू निर्मळ आहे. आपल्या कष्टाचा पैसा खुर्च्याटेबलांवर आणि समारंभांवर उधळला जाऊ नये, असे कोणालाही वाटेल. परंतु या आजाराच्या उपचाराचे स्वरूप जवळून पाहिले, तर ही अट रुग्णाच्या जिवावर कशी बेतते, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

तोंडाच्या अथवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार करावयाचे ठरले, म्हणजे ज्याला आपल्याकडे लोक ‘लाईट घेणे’ म्हणतात ते ठरले, की सामान्यतः आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे रुग्णाला यंत्राखाली यावे लागते. यंत्राखालचा वेळ दर खेपेस काही मिनिटांचाच. पण त्या मिनिटांसाठी गडचिरोलीच्या शेतमजुराला दीड-दोन महिने मुंबईत मुक्काम करणे भाग पडते, आणि त्याच्या शुश्रूषेसाठी आलेल्या पत्नीची मजुरीही तितके दिवस बुडते. किरणांचा खर्च सरकारी योजनेतून भागला, तरी खोलीचे भाडे कोणी द्यावे? घशाला व्रण पडल्यामुळे ज्याला भाकरीचा तुकडा गिळवत नाही, त्याला पातळ पेज करून द्यायला चूल कोठे मांडावी? रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकाची गोष्ट याहून कठीण. त्याचे उपचार पुष्कळदा दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. किमोने त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणजे साधा ताप प्राणघातक ठरू शकतो, आणि ताप भरताच त्याला विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे लागते. अशा मुलाला पदपथावर निजवून उंची औषध पाजले, तर त्या औषधाचा उपयोग किती होणार? स्वच्छ खोली, उकळलेले पाणी आणि रुग्णालयाचे सान्निध्य ही त्याच्या औषधाचीच मात्रा होय. ती न मिळाल्यामुळे उपचार अर्ध्यावर टाकून गावी परतणारी कुटुंबे आहेत, आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलाचा असा अंत होणे यासारखी दुसरी हानी मला दिसत नाही.

गाडगे महाराजांनी हे पुष्कळ आधी ओळखले होते. अंगावर चिंध्या आणि हाती खराटा घेऊन हिंडणाऱ्या त्या पुरुषाने लोकांकडून लाखो रुपये उभे केले आणि ते तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांच्या भिंतींत घातले. मुंबईतही रुग्णांच्या नातलगांना पाठ टेकण्यास जागा हवी, हे त्यांच्या करुणेने हेरले. दादर येथे त्यांच्या नावे चालणारी धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ पासून केवळ बालरुग्णांच्या कुटुंबांना आश्रय देणारी सेंट ज्यूड ही संस्था, यांचे कार्य डॉक्टरांच्या कार्याहून कमी तोलाचे मानू नये. परंतु भाडे, वीज, सफाई आणि समाजसेविकेचे वेतन ‘व्यवस्थापनखर्च’ या सदरात पडले की देणगीदाराच्या मनात किंतु येतो, आणि त्या भयाने संस्थाही या बाबींसाठी उघडपणे मागावयास संकोचतात. त्यांनी संकोचू नये. एका कुटुंबास एक रात्र आसरा देण्यास काय पडते, हे जमाखर्चात स्वतंत्र रकाना पाडून दाखवावे आणि त्याच रकान्यासाठी नि:शंकपणे झोळी पसरावी. हिशेबाचा चोखपणा देणगीदाराने अवश्य मागावा, तो त्याचा हक्कच आहे; खर्च कोठे करावा हे मात्र रुग्णाच्या गरजेने ठरावे.

जे द्रव्याचे, तेच वेळाचे. थोरांच्या जयंतीला रक्तदानाची शिबिरे भरतात, हे चांगलेच आहे. परंतु किमोनंतर रुग्णाला ज्या प्लेटलेट लागतात, त्या सुमारे पाचच दिवस टिकतात, म्हणून जयंतीच्या दिवशी आलेल्या शंभरांइतकीच गरज वर्षभर पाळीपाळीने येणाऱ्या माणसांची असते. सणासुदीला फळे वाटावयास पुष्कळ जण येतात. मंगळवारी दुपारी, कोणी पाहत नसताना, रांगेत रुग्णाशेजारी बसणारे थोडे.

त्या रांगेतल्या कोणत्याही माणसाच्या मांडीवरची प्लास्टिकची पिशवी उघडून पाहावी. फाईल, तपासण्यांचे अहवाल, पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका, आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक, आणि यांतच कोठेतरी हळदीचे बोट लागलेली देवाच्या अंगाऱ्याची पुडी. शिधापत्रिकेवर ‘सखुबाई’ आणि आधारावर ‘सखूबाई’ असले, तर तेवढ्यावर अर्ज अडू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, रेल्वेभाड्यात सवलत आहे, धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखीव आहेत; परंतु या प्रत्येक दाराला निराळा अर्ज आणि निराळी कागदपत्रे लागतात, आणि ज्याला निदान ऐकून दरदरून घाम फुटला आहे, त्याने हे सारे एकट्याने उलगडावे, ही अपेक्षाच निष्ठुर आहे.

येथे माझ्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट वर्ग येतो, आणि तो तालुक्या-तालुक्याला विपुल आहे: निवृत्त अव्वल कारकून, तलाठी, बँकेतले रोखपाल, शाळामास्तर. कोणता दाखला कोणत्या मेजावर अडतो आणि कोणाच्या शेऱ्याने सुटतो, हे ज्ञान त्यांनी उभ्या हयातीत मिळविलेले असते, आणि निवृत्तीनंतर ते विनाकारण पडून राहते. कर्करोगाच्या संस्थांनी मुंबईतले आपले काम सांभाळून ही माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावीत, त्यांना योजनांचे चालू नियम समजावून द्यावेत, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार, एक टेबल आणि दोन खुर्च्या त्यांच्यासाठी मागून घ्याव्यात, म्हणजे रुग्णाने मुंबईची गाडी धरण्यापूर्वीच त्याच्या पिशवीतील दाखले पुरे झालेले असतील, नावांतले फरक प्रतिज्ञापत्राने मिटलेले असतील, आणि परळला उतरल्यावर पहिली रात्र कोणत्या धर्मशाळेत काढावयाची, याची चिठ्ठी त्याच्या खिशात असेल.