आमच्या ड्रॅगनचं स्टिकर मिळत नाही

सध्या आमच्या ग्रुपमध्ये एकाच विषयावर भांडण चालू आहे. दादाला सेंड-ऑफला काय द्यायचं? (दादा म्हणजे फायनल इयर मेकॅनिकलचा आमचा सीनियर आणि आमचा डंजन मास्टर.) बहुमत आहे एका स्क्रॅपबुकिंग किटच्या बाजूनं. मी विरोधात आहे आणि एकटीच आहे, म्हणून हा लेख! निदान इथे तरी मला मध्येच कोणी तोडणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा खेळ. डंजन मास्टर गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. मी म्हटलं, "भिंतीवर चढते", की चढता आलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. स्क्रीन नाही, बोर्डसुद्धा असावाच असं नाही. दोन वर्षं दर शनिवारी कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही हेच केलं. त्याची आठवण जपायला हवी हे मलाही मान्य. कारण फोटो बघितले तर काय दिसतं? पाच जण चहा पीत बसलेत. ड्रॅगन फोटोत येतच नाही ना!

म्हणून किट. त्यात काय काय आहे? १२ बाय १२ इंचांचे जाड कागद, त्यावर जुन्या चर्मपत्रासारखी छपाई. तयार कापलेल्या तलवारी, ढाली, जादूच्या औषधाच्या बाटल्या, ड्रॅगन. वीस आकडा वर आलेल्या फाशांची स्टिकर्स. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण मला ते बघून शाळेतला क्राफ्टचा तास आठवला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी स्क्रॅपबुक करावं लागे. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे चित्रांचे चार्ट मिळायचे : वाहतुकीची साधनं, फळं, थोर नेते. कापा, फेव्हिकॉल लावा, चिकटवा. पन्नास मुलींच्या पन्नास वह्या आणि प्रत्येकीत तीच बैलगाडी, तोच बैल! मिस खाली 'गुड' लिहायच्या. त्या वहीतलं माझं काय होतं? लेबलवरचं नाव.

आता ते वीसचं स्टिकर घ्या. मॅथ्स-थ्री कसंबसं सुटलं असलं तरी एवढं गणित मला येतं. पाच जणांनी एका बैठकीत प्रत्येकी दहादा फासा टाकला तर पन्नास फेकी होतात. त्यात एकदा तरी वीस पडण्याची शक्यता जवळजवळ ९२ टक्के. म्हणजे वीस दर शनिवारी पडतोच, त्याचं कौतुक किती करायचं? पण आमच्या चोराला एक साधं दार उघडताना ओळीनं तीनदा एक पडला होता. आठ हजारांत एकदा होणारी गोष्ट! त्या रात्री मेसचा टाइम संपला तरी आम्ही हसत होतो. किटवाल्यांकडे त्या दाराचं स्टिकर नाही. त्यांच्या गावाबाहेरच्या सराईत बिअरची पिंपं आहेत. आमची सराई दुसऱ्याच आठवड्यात वडापावची टपरी झाली, आणि टपरीवाल्यानं आमच्या जादूगाराला कधीही उधारी दिली नाही.

आणि आमचा ड्रॅगन? तो कँटीनच्या काउंटरवरचा लाल स्टेपलर आहे. दादाकडे छोट्या मूर्ती घ्यायला पैसे नव्हते. त्यानं स्टेपलर उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा त्याचा जबडा." त्यापुढे दोन तास कोणालाही तो स्टेपलर वाटला नाही.

खरं तर हा खेळ जन्मला तोच असा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. गायगॅक्सच्या लेक जिनिव्हा गावातली टीएसआर ही छोटीशी कंपनी, पहिली फक्त हजार खोकी, तीही हातानं जुळवलेली. त्यातले काही गाजलेले राक्षस (लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर, घुबड आणि अस्वल मिळून झालेला आउलबेअर) हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांवरून सुचलेले. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेला पुठ्ठा यायचा. चौकोन कापा, कपात टाका आणि चिठ्ठी काढा! म्हणजे कात्री-पुठ्ठा या खेळाला नवा नाही. पण तिथे जे हाताशी नव्हतं त्यासाठी कात्री लागली. आपल्याकडे तर सगळं आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एकीचं म्हणणं असं, की कोरा कागद दिला तर निम्मे जण पळतील, किट असेल तर निदान काहीतरी चिकटवतील. मुद्दा बरोबर आहे, आमच्यात चित्र काढता येणारं कोणी नाही. पण चित्र काढायला सांगतंय कोण? दादाच्या कपाटात ईडीच्या उरलेल्या शीट्सवर काढलेले गुहांचे नकाशे आहेत. प्रत्येकाची कॅरेक्टर शीट आहे. माझ्या शीटवर हिट पॉइंट्सच्या चौकटीत खोडून खोडून भोक पडलंय. मागच्या सेममध्ये ज्याचा पुजारी मेला त्यानं ती शीट घडी घालून पाकिटात ठेवलीय, अजूनही. ती चिकटवायची की नाही हे त्यानंच ठरवावं.

एक गोष्ट मात्र किटवाल्यांकडून घ्यावी, ती म्हणजे कागद. साध्या कागदातल्या आम्लामुळे आणि लिग्निनमुळे तो पिवळा पडून तुटायला लागतो. स्क्रॅपबुकसाठी अॅसिड-फ्री कागद मिळतो तो घेऊ, पण कोरा. शीट्स ठेवायला पारदर्शक खिसे घेऊ. सेलोटेप नको, तिचे डाग पडतात. वर्गणी निम्म्यावर येईल, उरलेल्या पैशांत वडापाव!

मे महिन्यात दादाची रूम रिकामी होईल. रूम सोडताना कागदांचं काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको, रद्दीवाला गेटवर उभाच असतो. तेव्हा पीएल लागायच्या आत ज्याच्याकडे जे असेल ते मला आणून द्या : नकाशे, चिठ्ठ्या, चहा सांडलेली पानंसुद्धा. स्टेपलरचं मी कँटीनवाल्या काकांशी बोलते. ते बहुतेक नाहीच म्हणतील, पण नवा आणून दिला तर जुना सोडतील असं वाटतंय.